मुलांच्या हिश्श्यावर मोठे दीर ‘पालक’ म्हणून लागलेत, आता हक्कसोडपत्र मागतायत. सही करू का?

कपाशी (प्रश्न)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

माझे मिस्टर गेल्या पोळ्याच्या सुमारास वारले. शेतातून आले, छातीत कळ आली, तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मृत्युपत्र वगैरे काही नाही. त्रेचाळीसाव्या वर्षी कोण करून ठेवतं? मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत. सासरे आधीच गेलेत. सासूबाई मोठ्या दिरांकडे राहतात.

यांच्या नावावर ३ हेक्टर २० आर जमीन होती. सासरे असतानाच २००९ मध्ये तहसीलमधून घरच्या सगळ्या जमिनीचं वाटप झालं होतं, अर्धी यांना, अर्धी मोठ्या दिरांना. तेव्हापासून सातबारा वेगळा, वहिती वेगळी, सोसायटीचं कर्ज वेगळं. कधी भांडण नाही. उलट मोठे दीर आमच्या पेरणीला बैलजोडी पाठवायचे, हे आजही मी नाकारत नाही.

तेरावं झालं तेव्हा ते म्हणाले, वारस नोंदीचं मी बघतो, तू कुठे कार्यालयाच्या चकरा मारतेस. मृत्यू दाखला, आधार, सगळे कागद त्यांनीच नेले. मला एकही नोटीस आली नाही. मध्यंतरी पीक विम्यासाठी ऑनलाइन सातबारा काढला, तर त्यात माझं, सासूबाईंचं आणि दोन्ही मुलांचं नाव आहे, पण मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. चुलते’ (म्हणजे अज्ञान पालक कर्ता) आणि मोठ्या दिरांचं नाव. मी जिवंत आहे. मुलं माझ्याजवळ आहेत. त्यांचं दूध, दप्तर, ताप, परीक्षा सगळं मी बघते. मग पालक चुलते कसे?

विचारलं तर म्हणाले, घरातला मोठा पुरुष लागतो, तशीच रीत आहे. आणि आता पुढची मागणी. मी माझ्यासाठी आणि मुलांसाठी हक्कसोडपत्र लिहून द्यायचं, जमीन त्यांच्या नावावर एकत्र करायची, बदल्यात मुलीच्या लग्नाचा खर्च आणि मुलाचं शिक्षण ते करणार. ‘मुलीचं नाव सातबाऱ्यावर ठेवून काय करणार, ती जाणार दुसऱ्याच्या घरी,’ हेही म्हणाले. मुलीसमोर म्हणाले.

बँकेत यांची ४,६०,००० ची मुदत ठेव आहे, जिनिंगमध्ये हंगामी काम करून साठवलेली. ठेव ठेवली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, म्हणून नॉमिनी मोठ्या दिरांना केलं. ते म्हणतात, नॉमिनी मी, म्हणजे पैसे माझे, तुला लागतील तसे देईन. पावती माझ्याकडे आहे, म्हणून अजून निघालेली नाही.

आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं म्हणजे मुलगा. सही केली नाहीस तर पोराचा ताबा कोर्टातून घेऊ, तो आमच्या घराण्याचा आहे, तू उद्या दुसरं लग्न करशील, असं जाऊबाईंकरवी निरोप आला. माझ्या मनात लग्न नाही. पण केलं तर मूल आणि जमीन दोन्ही जातात का? हे खरं आहे का तेवढं कोणीतरी सांगा. रात्र रात्र झोप लागत नाही.

जुना_अव्वलकारकून

ताई, महसुलात नोकरी करून निवृत्त झालोय, तेवढ्या भागाचं सांगतो. कोर्टाचं वकील लोक सांगतील.

आधी भीती काढून टाका. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लागलं म्हणून कोणी मालक होत नाही आणि कायद्याचा पालकही होत नाही. ती नोंद फक्त अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) खातेदाराच्या वतीने कोण बोलणार हे दाखवते. पण उद्या पीक कर्ज, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला असं काही आलं की कार्यालय त्या नावाला विचारतं, म्हणून ती दुरुस्त झालीच पाहिजे.

वारस नोंदीचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोंद) मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस बजावावी लागते, हरकतीला मुदत द्यावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५०. तुम्हाला नोटीस मिळाली नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. फेरफाराची प्रमाणित नक्कल, गाव नमुना ६-क (वारसांची नोंदवही) आणि नोटिशीची पोच, या तिन्हींच्या नकला लेखी अर्ज करून मागा. पोचेवर तुमची सही आहे का बघा. नसेल तर ठीकच, असेल आणि तुम्ही केलेली नसेल तर प्रकरण वेगळं होतं.

मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम २४७ चं अपील. मुदत साठ दिवस. ती उलटली असेल तर ज्या दिवशी तुम्हाला कळलं तो दिवस स्पष्ट लिहून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. कोणी म्हणेल, तहसीलदारांकडे कलम १५५ चा दुरुस्तीचा साधा अर्ज टाका. ते लेखनातल्या चुकीसाठी आहे, समोरचा भांडणार असेल तर तिथे वेळ जातो आणि शेवटी अपिलातच जा म्हणतात.

आणखी एक काम लगेच करा. पुढे कोणताही दस्त होऊन फेरफारासाठी आला तर माझी हरकत आहे, असा लेखी अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आपला तलाठी हो) आणि मंडळ अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. हरकत आली की नोंद आपोआप मंजूर होत नाही, विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. तोंडी सांगून येऊ नका. तोंडी सांगितलेलं कार्यालयात कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि २००९ च्या आधीचे फेरफार काढा. जमीन सासऱ्यांकडे कशी आली, खरेदीने की वारशाने, कोणाकडून, कोणत्या साली? हिस्से त्यावर ठरतात.

लिंबोणी

ताई, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो म्हणून लिहितोय.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. चुलत्यांनी आईकडून माझ्या वतीने खरेदीखत करून घेतलं. कोर्टाची परवानगी नव्हती. आईला कोणी सांगितलंच नाही की ती लागते. किंमत कागदावर होती, हातात आली नाही. आईने पुढे लोकांच्या शेतात निंदण करून आम्हाला वाढवलं, आणि बांधाच्या पलीकडे आमचीच जमीन दिसायची.

अठरा पूर्ण झाल्यावर एका शिक्षकांनी सांगितलं की अज्ञानाच्या जमिनीचा असा व्यवहार तो सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतो, पण तीन वर्षांच्या आत. एकविसावं लागायच्या आत दावा दाखल केला. निकाल आमच्या बाजूने लागला, पण माझं सगळं कॉलेज तारखांमध्ये गेलं आणि चुलत भावांशी आजही बोलणं नाही.

तुमच्या मुलांवर ही वेळ आणू नका. आज तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर भांडण तुमचं आणि दिरांचं राहील. सही केलीत तर तेच भांडण तुमची मुलं वाढवतील.

बांधावरचा_काका

मी स्वतः चुलता आहे. माझा धाकटा भाऊ गेला, त्याची पोरं लहान होती, जमीन मी वाहिली. म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

प्रत्येक चुलत्याच्या मनात पाप नसतं. एकट्या बाईला बी-बियाणं, मजूर, फवारणी, सगळं जमेल का ही काळजी खरी असते. तुमचे दीर बैलजोडी पाठवायचे म्हणता, म्हणजे माणूस अगदी वाईट नसावा. कोर्टात गेलं की घर कायमचं तुटतं. चार माणसं बसवा.

पण हक्कसोडपत्राला माझाही विरोध आहे. काळजी असेल तर वहितीची बोलणी करावी, मालकीची नाही. मी भावजयीला दरवर्षी कागदावर लिहून द्यायचो, या वर्षाचा ठोका (शेत वाहण्याबद्दल द्यायची ठरलेली रक्कम) इतका, अमुक महिन्यात द्यायचा, दोन साक्षीदार. पुतण्या मोठा झाला त्या वर्षी शेत त्याच्या हातात दिलं. नाव मी कधी बदलू दिलं नाही. तुमच्या दिरांना असं विचारून बघा. खरंच काळजी असेल तर ते मान्य करतील. मान्य नसेल तर काळजी कशाची आहे ते तुम्हालाही कळेल.

वकीलताई

दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणं चालवते. तुमची आणि माझी ओळख नाही, कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे कागद बघणारा वकील गाठाच. तरी जे स्पष्ट आहे ते सांगते.

पालक कोण? तुम्ही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६, कलम ६: वडील आणि त्यांच्यानंतर आई. चुलते त्या ओळीत कुठेच नाहीत. त्याच कायद्याचं कलम ११ तर म्हणतं की केवळ ‘मी प्रत्यक्ष सांभाळतो’ एवढ्यावर कोणी अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करू शकत नाही. ‘घरातला मोठा पुरुष’ अशी अट कायद्यात नाही.

हक्कसोडपत्राबद्दल नीट ऐका, कारण मला वाटतं तुमची खरी ताकद इथे आहे. तुमचा स्वतःचा हिस्सा सोडायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. मुलांचा हिस्सा सोडणं तुमच्या हातात नाही. कलम ८ प्रमाणे आई असली तरी अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकायला, गहाण ठेवायला, बक्षीस द्यायला, अदलाबदल करायला, पाच वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायला कोर्टाची आधी परवानगी लागते. कोर्ट ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच देतं. मोबदला न घेता जमीन चुलत्याला सोडून देण्यात मुलाचा कोणता फायदा दाखवणार? परवानगीशिवाय केलं तर लिंबोणी यांनी लिहिलं तसं, मूल मोठं झाल्यावर तो व्यवहार मोडू शकतं.

तेव्हा दिरांशी बोलताना ‘मी देणार नाही’ असं म्हणायची गरजच नाही. म्हणा, ‘माझ्या सहीला इथे किंमत नाही, कोर्टाकडून परवानगी आणावी लागेल.’ हे खरं आहे आणि त्यात भांडण नाही. अनेक बायका दबावाखाली यासाठीच मोडतात की सगळे म्हणतात, तुझ्या एका सहीवर घर अडलंय. तुमच्या सहीवर काही अडलेलं नाही, तुम्ही केली तरी मुलांचा हिस्सा पक्का सुटत नाही.

मुलाचा ताबा. कोर्टात अर्ज कोणीही करू शकतो, पण कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वोच्च धरलं जातं, घराणं नाही. आई सांभाळते आहे, शाळा चालू आहे, मूल सुखात आहे, तर चुलत्यांना ताबा मागायला ठोस कारण दाखवावं लागेल. पुनर्विवाहाबद्दल विचारलंत. नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी तुमचा वारसा हक्क लागू झाला, पुढे लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. मुलांचंही तसंच. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अकेला ललिता खटल्यात नेमकी अशीच विधवा होती. तिने दुसरं लग्न केलं होतं आणि सासरचे मुलाच्या आडनावावरून भांडत होते. वडिलांनंतर आई ही एकमेव नैसर्गिक पालक, आडनावही तीच ठरवेल, असं न्यायालयाने सांगितलं. लग्न करा किंवा करू नका, पण या भीतीने करू नका असं होऊ देऊ नका.

ठेवीत नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार खटल्यात बँक ठेवींबद्दल हेच सांगितलं. पण एक अडचण आहे. तुमचं साधं पत्र बँकेला बांधून ठेवत नाही. बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे नॉमिनीला पैसे देऊन बँक मोकळी होते. बँक थांबते ती न्यायालयाच्या आदेशाने. म्हणून दिवाणी न्यायालयात उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज आणि त्यासोबत ही ठेव कोणाला देऊ नये असा मनाई अर्ज लवकर करा. पावती जपून ठेवा, पण पावती हरवल्याचं हमीपत्र देऊनही लोक पैसे काढतात, एवढं लक्षात असू द्या.

यात एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ठेवीत सासूबाईंचाही हक्क आहे. मुलाची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे, तुमच्या आणि मुलांच्या बरोबरीची. यांची स्वकष्टाची ठेव असेल तर चार समान भाग, प्रत्येकी १,१५,०००. मुलांचे भाग बहुधा ते अठरा वर्षांचे होईपर्यंत बँकेत ठेवायला सांगतील. सासूबाईंचा भाग अर्जात स्वतःहून मान्य करा.

जमिनीचं गणित जुने फेरफार आल्यावर. आणि खर्चाची चिंता असेल तर महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

कपाशी

सगळ्यांचे खूप आभार. लिंबोणी, तुमचं वाचून मी मुलाला जवळ घेऊन बसले बराच वेळ.

नकला मिळाल्या. नोटिशीच्या पोचेवर माझी सही नाही, ‘घरी दिली’ एवढाच शेरा आहे आणि घेणाऱ्याच्या जागी मोठ्या दिरांची सही.

जुन्या फेरफारात एक गोष्ट सापडली. जमीन आजेसासऱ्यांची. ते १९५२ मध्ये वारले तेव्हा सासरे लहान होते. त्या फेरफारात सासऱ्यांच्या नावापुढे लिहिलंय ‘अ.पा.क. आई’. म्हणजे माझ्या आजेसासूबाई. घरात तेव्हा आजेसासऱ्यांचे मोठे भाऊ होते, तरी आईचंच नाव लागलं. ही रीत आमच्याच घरातली, आमच्याच जमिनीवरची. मी ती नक्कल सासूबाईंना दाखवली. त्यांना वाचता येत नाही, मुलीने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, माझ्या सासूने एकटीने पोर वाढवलं आणि शेतही वाढवलं. मग मोठ्या दिरांकडे वळून म्हणाल्या, तुझ्या बापाला कोणी चुलत्याने सांभाळलं नव्हतं.

मोठे दीर उठून गेले. दोन दिवसांनी बांधावरच्या काकांनी सांगितलेलं मी त्यांच्यासमोर ठेवलं: एका वर्षाचा ठोका, कागदावर. विचार करतो म्हणाले. अजून उत्तर नाही.

वकीलताई, जमिनीचं गणित सांगाल का? सासूबाईंचा हिस्सा किती ते मला त्यांना नीट सांगायचंय.

वकीलताई

पोचेवरची ती सही तुमच्या अपिलासाठी महत्त्वाची आहे, वकिलाला आधी तीच दाखवा.

आता हिस्से. १९५६ चा वारसा कायदा येण्यापूर्वी, १९५२ मध्ये, जमीन बापाकडून मुलाकडे आली, म्हणून सासऱ्यांच्या हातात ती वडिलोपार्जित. २००९ च्या वाटपात तुमच्या मिस्टरांना मिळालेला भागही त्यांच्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जितच राहिला. मुलं जन्मापासून त्यात हिस्सेदार आहेत, मुलगीसुद्धा. २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या विनिता शर्मा निकालाने मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची हिस्सेदार, आहे. तिच्यासमोर जे बोललं गेलं त्याचं उत्तर तिला वाचून दाखवा.

अशा वेळी मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं कायदा मानतो. त्या वाटणीत चार भाग: मिस्टर, तुम्ही, मुलगी, मुलगा. मग मिस्टरांचा चौथा भाग चार वारसांत, म्हणजे तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई, प्रत्येकी सोळावा. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपद मगदूम खटल्यात घालून दिली. तिथे विधवेला असाच आधी वाटणीतला चौथा आणि मग वारशातला चोविसावा हिस्सा मिळाला, मिळून चोविसातले सात.

तुमच्याकडे ३ हेक्टर २० आर. तुम्हाला, मुलीला, मुलाला प्रत्येकी सोळातले पाच, म्हणजे १ हेक्टर. सासूबाईंना सोळातला एक, म्हणजे २० आर. जमीन सरळ चार भागांत गेली असती तर त्यांना ८० आर आली असती. दिरांच्या डोक्यात बहुधा तोच आकडा आहे, कारण तो भाग पुढे सासूबाईंकडून आपल्याकडे येईल असं त्यांनी धरलेलं असणार. महसूल कार्यालय हे हिस्से ठरवणार नाही. वाद झाला तर दिवाणी न्यायालय ठरवेल.

ठोक्याचा कागद करताना एका वर्षाचाच करा आणि मुलांच्या वतीने ‘नैसर्गिक पालक आई’ म्हणून तुमची सही असू द्या.

जुना_अव्वलकारकून

ताई, अपिलासोबत १९५२ च्या फेरफाराची प्रमाणित नक्कल नक्की जोडा. कायद्याने तिची गरज नाही, पण ‘रीत’ हा मुद्दा समोरून आला तर उत्तर तयार राहील.

कपाशी

अपील दाखल केलं, विलंब माफीच्या अर्जासकट. तालुका विधी सेवा समितीतून वकील मिळाल्या आहेत, ठेवीच्या मनाईचा अर्ज याच आठवड्यात होईल. अर्जात सासूबाईंचा चौथा भाग आम्ही स्वतः लिहिला आहे. त्यांना २० आरचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, माझ्या २० आरमध्ये विहिरीकडचा तुकडा येईल का. तो यांचा आवडता होता. मी हो म्हटलं आहे. पुढे मोजणी होईल तेव्हा तसं मागता येतं का, हे कोणाला माहीत असेल तर सांगा.

जुना_अव्वलकारकून

येतं. सगळ्यांची संमती असेल तर वाटपाच्या अर्जात कोणाला कोणत्या दिशेचा तुकडा ते लिहा, मोजणीचा कच्चा नकाशा जोडा. पण मुलं अज्ञान आहेत, म्हणून वाटपाआधी कोर्टाची परवानगी लागते का ते तुमच्या वकील बाईंना विचारूनच पुढे जा. आणि विहीर कोणाच्याही तुकड्यात आली तरी पाण्याची पाळी कागदावर लिहून घ्या.